मे महिना, ओव्हन आणि परसबाग

परभणीत पारा ४३ वर आणि मी ओव्हनसमोर. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण लाईट बिलाला असतं!

सध्या बेकिंग पहाटे चारलाच सुरू होतं. ऊन चढलं की बटर हातातच पाघळतं, म्हणून बटरक्रीमचे केक मे महिन्यात मी सरळ नाकारते. आज एका ताईंनी हट्टच धरला, तीन मजली, वर गुलाबाची फुलं. म्हटलं, ताई, मंगल कार्यालयात पोचेपर्यंत त्याचं सरबत होईल. शेवटी केशर आंब्याच्या साध्या स्पंज केकवर मिटलं. आपल्या मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन आहे, मग रंगीत गुलाब कशाला?

ज्वारीच्या बिस्किटांना मात्र लई मागणी. ज्वारीत ग्लुटेन (गव्हातला, पीठ बांधून ठेवणारा चिकट घटक) नसतं, त्यामुळं नुसत्या ज्वारीचं बिस्कीट उचलताना भुगा होतो. मी थोडी कणीक मिसळते (आणि तसं सांगतेही, काहीजण पथ्यावर असतात).

बागेचं सगळं ऊन तापायच्या आत. दोडका-काकडीच्या आळ्यांत उसाचं पाचट अंथरलंय, त्यामुळं दिवसाआड पाणी पुरतं. मिरचीवर हिरवी शेडनेट आहे, तरी फुलं गळतातच. चाळिशीपार उन्हात तिचं असंच. भेंडी मात्र बेशरम, काल तोडली की आज पुन्हा हजर. आत्याबाई ती गल्लीत वाटतात आणि येताना बिस्किटांच्या ऑर्डरी घेऊन येतात. आज दोन किलोची आणली, तीही उद्या सकाळी नऊपर्यंत. पहाटे लाईट राहिली म्हणजे झालं.