‘ह्यांना कळतंय ना, लग्न करतायत ते?’

बहिणीच्या लग्नाला आता बरेच दिवस झाले, पण हा प्रश्न आठवला की अजून माझं डोकं फिरतं. प्रश्न मला विचारला होता. बहीण शेजारीच उभी होती, फाइल छातीशी धरून.

माझी धाकटी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही. तिचा नवराही तसाच. दोघं भेटले लोकलच्या अपंगांच्या डब्यात. तिथे धडधाकट दिसणाऱ्याला ‘तुम्हाला काय झालंय?’ म्हणून कोणीतरी हटकतंच, मग कार्ड काढून दाखवावं लागतं. दोघांनी एकाच वेळी कार्डं काढली आणि ओळख झाली म्हणे. तो वसईचा, ख्रिस्ती. आम्ही भांडुपचे, घरात दीड दिवसाचा गणपती. धर्म कोणालाच बदलायचा नव्हता, म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४. घरच्यांची समजूत कशी घातली ते इथे लिहीत नाही, ते त्या मानाने लवकर आटपलं.

विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस १४ नोव्हेंबर २०२२ ला दिली. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असावा लागतो, ती अट बहिणीमुळे पूर्ण झाली. त्याचा कायमचा पत्ता पालघर जिल्ह्यातला, त्यामुळे एक प्रत तिकडच्या कार्यालयात लावायला गेली. हरकतीसाठी ३० दिवस. कोणी हरकत घेतली नाही.

डिसेंबरच्या मध्याला तारीख घ्यायला गेलो आणि तिथे गाडी अडली. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद चाळले आणि मला म्हणाले, “ताई, शपथ तोंडाने म्हणायला लागते. ह्या बोलत नाहीत ना?”

“खुणांनी बोलते. दोघंही.”

“तसं चालत नाही.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून तो प्रश्न. बहिणीला ऐकू येत नाही हे माहीत असूनही आवाज खाली का आणला, कोण जाणे. आणि वर, “दोघांचा मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखला आणा. सरकारी डॉक्टरचा.”

बहीण बँकेत क्लार्क आहे. दिवसभर लोकांच्या सह्या पडताळते. तिने ओठांवरून अर्धंमुर्धं ताडलं आणि पर्समधून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून काचेखालून सरकवलं. निळ्या पट्टीचं, म्हणजे दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. “हे कानाचं झालं. मला डोक्याचं पाहिजे.”

आता कायद्यात संमती द्यायला माणूस सक्षम असावा असं आहेच. पण ते सगळ्यांसाठी आहे. आमच्या पुढे रांगेत एक जोडपं होतं, त्यातला मुलगा स्वतःची जन्मतारीख आईला फोन करून विचारत होता. त्याच्याकडे कोणी दाखला मागितला नाही.

इथे माझीही चूक सांगते. जिना उतरता उतरता मी तिला म्हटलं, घेऊन टाकू ना दाखला, एक दिवसाचं काम, कशाला वाद घालायचा. मला ऑफिसला पोहोचायचं होतं. ती पायरीवरच थांबली आणि हातांनी विचारलं, “तुझ्या लग्नात घेतला होतास?”

मी काहीतरी समजवायला लागले, तर तिने डोळे मिटून घेतले. आमच्या घरी लहानपणापासून भांडण संपवायची तिची ही रीत आहे. डोळे मिटले की तुमचं बोलणं बंद. दादर ते भांडुप तिने ते उघडले नाहीत, आणि पुढचे दोन दिवस उघडे असूनही माझ्याकडे नव्हते.

मग फेऱ्या. पहिल्या फेरीला साहेब मीटिंगला. दुसऱ्या फेरीला साहेब होते, पण ‘फाइल वर गेलेली नाही’. तिसऱ्या फेरीला खिडकीत दुसरेच कोणीतरी, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि सांगून झाल्यावर त्यांचंही तेच, “ते आल्यावर या.” दरवेळी बहिणीची अर्धी रजा, त्याची अख्खी, कारण वसईहून यायचं. आणि मी मधे उभी. तो माणूस माझ्याशी बोलतोय, मी बहिणीला सांगतेय, बहीण चिडून काहीतरी सांगतेय आणि मी ते निम्म्याने सौम्य करून त्याला सांगतेय. हे सौम्य करणं तिच्या लक्षात आलं, तेव्हा आणखी एकदा डोळे मिटून झाले.

यात जानेवारी निम्मा सरला. तेव्हा कुठे लक्षात आलं की नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीसच बाद होते, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आमच्या हातात फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचाच वेळ. हे कोणी आपणहून सांगत नाही, तेव्हा नोटीस दिल्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. हॉल मात्र बुक करू नका. आम्ही केला होता.

सुटलं कसं ते सांगते. बहिणीच्या एका मैत्रिणीने सुचवलं, दुभाषी घेऊन जा, पण घरचा नको, शिकलेला. वांद्रे रिक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा अभ्यासक्रम चालतो. तिथे चौकशी करत करत एक बाई मिळाल्या. त्यांच्यासमोर मला माझंच हसू आलं. माझ्या खुणा घरगुती, ‘जेवलीस का’, ‘आई ओरडतेय’ एवढ्यापुरत्या. ‘कायदेशीर पत्नी’ हातांनी कसं म्हणायचं हे मला कुठे ठाऊक होतं!

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही लेखी अर्ज केला. पहिल्याच दिवशी करायला हवा होता. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात दोनच मुद्दे होते. एक, विशेष विवाह कायद्याचं कलम १२ सांगतं की दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत शपथ घेता येते. दुसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे. सोबत दोन्ही कलमांचे प्रिंटआउट, पिवळ्या मार्करने रेघा मारून. ‘मूकबधिर’ असा शब्द मी सवयीने लिहिला होता, तो बहिणीने खोडून ‘कर्णबधिर’ केला.

साहेबांनी अर्ज वाचला, दुभाषी बाईंना दोन प्रश्न विचारले, बहिणीकडे बघून, माझ्याकडे नाही, तारीख दिली. दहा मिनिटं. बाहेर आल्यावर खिडकीतले गृहस्थ मला म्हणाले, “मी कुठे अडवलं होतं? तुम्हीच नीट सांगितलं नाही.”

९ फेब्रुवारी २०२३ ला लग्न लागलं. दोघांनी हातांनी शपथ घेतली, बाईंनी ती आवाजात म्हटली. त्याच गृहस्थांनी बहिणीच्या कानाशी वाकून जोरात ओरडून अभिनंदन केलं. तिने मान डोलावली. मला इतकं बरं वाटत होतं की मीही हसले.

एक राहिलंच. कोणीतरी सांगितलं होतं की अशा लग्नाला राज्य सरकार ५०,००० रुपये देतं. योजना खरी आहे, २०१४ पासूनची. तेव्हा २५,००० बचत प्रमाणपत्रात, २०,००० रोख, ४,५०० संसारोपयोगी वस्तूंसाठी आणि ५०० समारंभाला मिळायचे. पण तेव्हाच्या नियमात जोडीदारांपैकी एकजण अव्यंग हवा होता. दोघंही दिव्यांग असले तर त्या योजनेत तेव्हा काही नव्हतं. हे बहिणीला सांगितलं तर तिने नवऱ्याकडे बोट दाखवून खूण केली, “याला परत करते, ऐकू येणारा आण.”

आणि हो, साक्षीदार तीन लागतात, ओळखपत्रासकट. दुभाष्याच्या सहीला कुठे रकानाच नाही. आम्ही बाईंनाच तिसरी साक्षीदार केलं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर कागदावर त्यांचं नाव आहे. ती जागा आधी मामांना कबूल केली होती. ते नवा शर्ट घालून, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन आले होते. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.