तांबं समोर तोलून देणारं दुकान

दरवर्षी 5 जूनला, पर्यावरण दिनी, आमच्या भागात झाडं लावली जातात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. आमच्या फैजपूरच्या दुकानातून आजवर कितीतरी मोटरी भंगारात जाता जाता परत विहिरीत उतरल्या, त्यांचा फोटो कोणी काढला नाही. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती पुढे येईल.

मोटर रिवाइंडिंगचा, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरायचा, हा धंदा 1994 साली सुरू केला. जागा आमची, घराचा पुढचा ओटा. हुन्नर काकांचा. काका म्हणजे भुसावळच्या रेल्वेतून रिटायर झालेले वाइंडर, माझे पहिले भागीदार. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, लाकडी फर्मे, मायक्रोमीटर आणि इन्सुलेशन तपासायचा, हँडल मारायचा मेगर, एवढीच आमची इस्टेट. तो मेगर अजून चालतो. डिजिटल घेतला आहे, पण शंका आली की मी जुन्याचंच हँडल मारतो.

काकांचा एक नियम होता, स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा, कॉइल बसते तो भाग, जाळायचा नाही. बाकी दुकानांत जळकी वाइंडिंग काढायला सरळ जुने टायर पेटवत. काम झटपट होतं, धूर गावाला. पण त्या जाळात स्टॅम्पिंगच्या, म्हणजे कोअरच्या पातळ पत्र्यांवरचं इन्सुलेशन जातं, मग वर कितीही चांगली तार भरा, कोअर तापते आणि मोटर जन्मभर जास्त करंट खाते. काका एका बाजूची कॉइलची डोकी छिन्नीने सपासप कापत आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने गठ्ठा ओढून काढत. मग स्लॉट, म्हणजे कॉइलच्या खाचा, घासायचे, पेपर टाकायचा, कॉइल बसवायच्या, वर बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या. शेवटी वार्निश. ते वाळवायला इतर ठिकाणी बल्ब लावतात, भट्टी लावतात. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर ठेवलं की झालं. खान्देशच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्यावा माणसाने.

मधली वर्षं बरी गेली. केळी पिकत होती, लाइट येत-जात होती, मोटरी जळत होत्या, आम्ही भरत होतो. काका गेले. मुलं मोठी झाली.

मग आमच्याच रस्त्यावर पलीकडच्या कोपऱ्याला एक दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, गावातल्यांना सांगायला नको. भाव आमच्या दोन तृतीयांश. गिऱ्हाईक विचारायचं, “तुम्हीच एवढे महाग कसे?” ते दुकान ॲल्युमिनियमची तार भरत होतं. वरचं इनॅमल तांबूस असतं, त्यामुळे खरवडल्याशिवाय ओळखू येत नाही. तांब्याच्या तुलनेत ॲल्युमिनियम जेमतेम 61 टक्के वीज वाहून नेतं. त्यासाठी तार जाड घ्यावी म्हटलं तर स्लॉट आहे तेवढाच. मग मोटर तापते, बिल वाढतं आणि ऐन उन्हाळ्यात, केळीला पाणी हवं तेव्हाच जळते. हे मी ओट्यावर उभा राहून सांगायचो. लोक मान हलवायचे आणि पलीकडे जायचे.

त्यावर कडी म्हणजे आवई उठवली गेली, की जुनं तांबं आम्ही खातो. कोणी उठवली हे मला माहीत आहे. त्यात 2020 चा लॉकडाऊन, आणि 2021 च्या मे महिन्यात तांब्याने जागतिक बाजारात टनाला 10,000 डॉलरच्या वर उडी मारली. आम्ही जुन्या भावाने कामं ठरवून बसलो होतो. ठरलेला शब्द पाळला आणि प्रत्येक मोटरीत पदरचं घातलं. जळगावच्या तारवाल्याने उधारी बंद केली. लेथ विकलं. दोन पोरं कामाला होती, त्यांना दुसरीकडे बघा म्हणून सांगावं लागलं. त्याच सुमारास एका विक्रेत्याने “जळकी मोटर आणा, नवी न्या” अशी योजना काढली. बिडाची बॉडी ठणठणीत, शाफ्ट सरळ, बेअरिंगची सीट शाबूत, जळली ती फक्त कॉइल, आणि अख्खी मोटर भंगारात! त्या रांगेत आमची जुनी गिऱ्हाइकं बघून मला काय वाटलं असेल ते जाऊ द्या.

दुकान तरलं ते यावलकडच्या एका अप्पांमुळे. चार विहिरींचे धनी, पण पायात तीच झिजलेली चप्पल. एक दिवस ट्रॅक्टरमधून मोटर उतरवून म्हणाले, “जयाली रे भो. बघ बरं.” त्यांच्या मुलाने ती कोपऱ्यावरच्या दुकानात भरून घेतली होती. मी उघडली. दोन फेजच्या कॉइल कोळसा, तिसरी कोरी करकरीत. म्हणजे लाइटच्या तीन फेजपैकी एक गेली होती आणि मोटर उरलेल्या दोनवर गुरगुरत राहिली. तो दोष दुकानाचा नव्हे, हे मी सांगितलं. खोटं कशाला बोला? मग कोऱ्या कॉइलची तार ब्लेडने खरवडून अप्पांच्या हातावर ठेवली. आत पांढरी. अप्पा काही बोलले नाहीत. बंडीच्या खिशातून पैसे काढले, चारही विहिरींच्या मोटरींची आगाऊ रक्कम दिली, आणि तो तारेचा तुकडा घेऊन गेले. पुढे कितीतरी महिने तो तुकडा गावोगावच्या पारांवर फिरला.

त्याच दिवशी मी काटा ओट्यावर आणून ठेवला. निघालेली जुनी तार गिऱ्हाइकासमोर तोलायची, भरलेली नवी तोलायची, दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून मोटरीला बांधायची. जुनं तांबं ज्याचं त्याने घेऊन जायचं. तांबं कितीदाही वितळवा, गुण जात नाही. ते गाळणाऱ्याकडे गेलं पाहिजे, उकिरड्यावर नको. कोपऱ्यावरच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

आता विचारलं नाही तरी सांगतो. मोटर जळू नये म्हणून पहिलं काम, ऑटो स्विच काढा. लाइट आली की डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं आणि मोटरींबरोबर डीपीही जाते. कपॅसिटर बसवा. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, त्याची किंमत एका रिवाइंडिंगपेक्षा कमी आहे आणि हे मी धंद्याच्या मुळावर येऊन सांगतोय. विहिरीतल्या पाइपच्या खालच्या तोंडाला असतो त्या फूट व्हॉल्व्हची जाळी साफ ठेवा. पाइप अडीच इंचीचा तीन इंची केला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण निम्म्याहून कमी लागतं. पाणी आठ फुटांनी खाली गेलं म्हणून पाच एचपीची काढून साडेसाताची टाकणारे लोक मी पाहतो. आधी पाइप बघा, ठिबकचा फिल्टर धुवा.

आणि पंखा. इथे मी माझ्याच पोटावर पाय देतो. छताचा जुना पंखा दोनदा भरून झाला असेल, तर तिसऱ्यांदा माझ्याकडे आणू नका. तो 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरीचा, 30 च्या आसपास. रोज दहा तास चालवला तर जवळपास अर्धा युनिट वाचतो, आणि आपल्याकडे पंखा मार्च ते ऑक्टोबर बंद होतो कधी? मोटर दुरुस्त करा, पंखा बदला. ज्याचं त्याचं गणित वेगळं असतं. सगळंच जुनं जपा म्हणणाऱ्यांचं आणि सगळंच नवं घ्या म्हणणाऱ्यांचं माझ्याशी जमत नाही.

हल्ली सौर पंप येताहेत. मोटर क्वचित जळते, पण कंट्रोलर जातो, आणि त्याचा सुटा भाग द्यायला कोणी तयार नसतं. अख्खा बॉक्स बदला म्हणतात. धाकट्याने सोल्डरिंग स्टेशन घेतलं आहे. बोर्ड उघडून एकेक पार्ट तपासत बसतो, काही उठतात, काही नाही. उठला तर पैसे, नाही तर नुसता चहा, असा त्याचा हिशोब आहे. मला पटत नाही, तपासणीचे तरी घ्यावेत. बघू.

दुकान सकाळी आठला उघडतं, शनिवारी अर्धा दिवस. ज्यांच्या मोटरी आखाजीपासून तयार होऊन पडल्या आहेत, त्यांनी पोळ्याच्या आत घेऊन जाव्यात. चिठ्ठी आणि जुनं तांबं मोटरीलाच बांधून ठेवलं आहे.