जुन्या गाडीचा गिअर नेमका कधी बदलायचा?

माझ्या जुन्या गाडीला चारच गिअर आहेत आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा, काटा नाही. घेतली तेव्हा मी पेट्रोल वाचवायच्या नादात होतो. गाडी जरा हलली की दुसरा, लगेच तिसरा, आणि तिशीला पोचता पोचता टॉप, म्हणजे चौथा. सपाट रस्त्यावर हे खपून गेलं. एका चढावर मात्र ॲक्सिलरेटर पार दाबला तरी गाडी ओढेना, आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा किर्रटक-किर्रटक आवाज यायला लागला. मला वाटलं, काहीतरी ढिलं झालंय. मेकॅनिकने शेजारी बसून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गाडी ठीक आहे. तुम्ही तिला टॉपमध्ये रडवताय."

त्या आवाजाला नॉकिंग म्हणतात. फेरे कमी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा वेळी सिलिंडरमधलं मिश्रण शिस्तीत जळत जाण्याऐवजी शेवटी काही भाग आपोआप भडकतो. पिस्टन आणि बेअरिंग त्याचा मार खातात.

घरी येऊन गाडीचं मॅन्युअल काढलं. त्यात प्रत्येक गिअरचा कमाल वेग दिला होता, पण तो इंजिनाच्या सहनशक्तीचा आकडा, गिअर बदलायचा नव्हे. कामाला आलं ते गिअरचं गुणोत्तर, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा दांडा एकदा फिरताना इंजिन किती फेरे घेतं ते : दुसरा 2.2, तिसरा 1.4, टॉप 1. टॉपमध्ये 1000 आरपीएमला माझी गाडी ताशी 24 किलोमीटर चालते. म्हणजे 30 ला टॉप टाकला की इंजिन जेमतेम 1250 वर. बिचारी रडणारच! तोच टॉप 50 ला टाकला, तर तिसऱ्यातल्या 2900 वरून फेरे 2100 च्या आसपास उतरतात आणि गाडी पुढेही खेचते.

इथे माझी ट्यूब पेटली. इतके दिवस मी सध्याच्या गिअरमध्ये इंजिन किती ओरडतंय तेवढंच ऐकत होतो. बघायचं होतं ते पुढच्या गिअरमध्ये फेरे कुठे जाऊन पडतात ते. मी 2000 ची खूणगाठ धरली : पहिल्यातून दुसरा 20 ला (तिथे थोडे कमी पडतात, चालतं), तिसरा 35 ला, टॉप 50 ला. चढावर किंवा गाडी भरलेली असेल तर अजून उशिरा, कारण क्लच दाबल्या क्षणापासून वेग उतरायला लागतो.

खालचा गिअर टाकताना हाच हिशोब उलटा. 30 च्या वेगात तिसऱ्यात 1750, दुसऱ्यात 2750. हा हजाराचा फरक नुसत्या क्लचवर सोडला की गाडी आचका देते, म्हणून मध्ये हलकेच रेस द्यायची. सकाळी गिअरबॉक्स गार असताना माझा दुसरा गिअर करकरतो, गिअर पडताना फेरे जुळवून देणाऱ्या सिंक्रोच्या रिंगा झिजल्यात. तेव्हा डबल क्लच मारतो : क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग दुसरा. चार दिवस पाय गोंधळले.

सुरुवातीला स्पीडोमीटरच्या काचेवर 20, 35 आणि 50 ला चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले होते. दोन कधीच निघाले, आता कान सांगतात. 35 चा तुकडा ठेवलाय, कारण खिडक्या बंद आणि गाणी चालू असली की अजूनही तिसरा घाईने पडतो.