हंगामातला पहिला स्की दिवस: तयारीची नोंदवही

स्कीची (बर्फावर घसरण्याच्या लांब पट्ट्यांची) जोडी: ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या उतारांसाठीची), कंबर म्हणजे बुटाखालची रुंदी ८४ मिमी, लांबी १७२ सेंमी. साधं अल्पाइन बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी कडी), बुटाच्या सोलची लांबी ३०५ मिमी. मागच्या हंगामाअखेर बेसवर (स्कीच्या खालच्या पृष्ठभागावर) वॅक्सचा जाड थर देऊन ठेवलेली.

सहा आठवडे आधी: पाय

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मांड्या पेटतात, याचं कारण दम कमी पडणं हे नसतं. वळणात मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार रोखून धरतो. सायकल चालवून किंवा जिने चढून या कामाचा सराव होत नाही. जिने उतरून होतो. म्हणून आठवड्यातून तीन दिवस: ४ सेकंदांत खाली, १ सेकंदात वर अशा बैठका, ८ चे ३ सेट. २० सेंमी उंच पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, प्रत्येक पायाला ८ चे ३ सेट. भिंतीला पाठ लावून बैठक, ४५ सेकंद, तीनदा. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं (पूल). हा व्यायाम बहुतेकजण गाळतात, आणि नेमका तोच गाळू नये. हे स्नायू नडगीचं हाड मागे ओढून धरतात, त्यामुळे गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधावरचा ताण कमी होतो.

तिसऱ्या आठवड्यापासून आडव्या उड्या, २० सेकंदांचे तीन फेरे. गुडघा आत वळायला लागला की फेरा तिथेच थांबवायचा. शेवटचे चार दिवस फक्त हलकं चालणं. स्नायूला अशा भाराची एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी तो कमी दुखावतो आणि ही सवय काही आठवडे टिकते. मात्र आदल्या दिवशी बैठका मारल्या तर पहिला दिवस दुखऱ्या पायांनीच सुरू होतो.

चार आठवडे आधी: बूट

लायनर (बुटाचा आतला मऊ भाग) बाहेर काढला. रिकाम्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) पाय घालून बोटं पुढे टेकवली, टाचेमागे १५ ते २० मिमी जागा भरली. ठीक. २५ मिमीच्या पुढे गेली तर बूट मोठा. बकल कितीही आवळलं तरी टाच उचलली जाणारच. सोलचे पुढचे-मागचे टोक झिजून गोल झालेत का, बकलांचे स्क्रू ढिले आहेत का आणि शेलच्या घडीच्या जागी बारीक चिरा आहेत का, हे पाहिलं. जुनं प्लॅस्टिक वरून धडधाकट दिसतं आणि थंडीत अचानक तडकतं. संध्याकाळी तासभर बूट घालून घरात वावरणं, आठवड्यातून दोनदा. मोजा एकच, पातळ. दोन मोज्यांनी पाय गरम राहत नाही. उलट जागा कमी होऊन रक्तप्रवाह दाबला जातो आणि बोटं गार पडतात.

तीन आठवडे आधी: बाइंडिंग

ओल्या फडक्याने धूळ पुसली. गंज काढायचा स्प्रे इथे मारायचा नाही, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानेही तेच होतं. बूट बसवून टाचेकडच्या भागाचा फॉरवर्ड प्रेशरचा (बुटाला पुढे दाबून धरणाऱ्या दाबाचा) दर्शक खुणेच्या आत आहे ना, ते पाहिलं. ब्रेक दोन्ही बाजूंनी एकदम उघडतात.

डिन आकडा (बाइंडिंग किती जोराने सुटेल ते ठरवणारा) गेल्या वर्षीचाच ठेवण्याची सवय धोक्याची आहे. तो वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवर ठरतो. वयाची पन्नाशी गाठली की तक्त्यात कमी आकड्याकडे एक पायरी यायचं. सोल लांब असेल तर आकडा कमी लागतो, कारण तरफ लांब झाली की तेवढाच पीळ कमी ताकदीच्या स्प्रिंगने सुटतो. म्हणजे बूट बदलला की आकडाही नव्याने काढायचा. ग्रिपवॉक (चालायला सोपं जावं म्हणून वळवलेल्या) सोलचा बूट जुन्या साध्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये वापरू नये. खटका लागतो, पण सुटण्याची खात्री नसते. शेवटची चाचणी दुकानातल्या टॉर्क (पीळ मोजणाऱ्या) मशीनवर, दर हंगामाला एकदा.

दोन आठवडे आधी: कडा आणि बेस

हंगामाच्या सुरुवातीला बहुतेक पिस्त (स्कीसाठी तयार केलेल्या उताराच्या वाटा) कृत्रिम बर्फाच्या असतात. त्याचे कण गोलसर, घट्ट, बारीक गारांसारखे. दाबले की सपाटी कडक होते आणि बेस घासते. सगळी तयारी याच बर्फाला धरून.

कडांवरचा तांबूस गंज रबरी दगडाने गेला. उजव्या स्कीला बुटाखालच्या भागात दगड लागलेला होता. तिथे कानस लावू नये: घर्षणाच्या उष्णतेने ती जागा बाकीच्या कडेपेक्षा टणक होते, कानस घसरते आणि बोथट होते. आधी खडबडीत डायमंड स्टोन, मग कानस. बाजूची धार २ अंश, बेसकडची १ अंश. कोन जुळतोय का ते पाहायला कडेवर काळ्या मार्करची रेघ ओढायची आणि टोकाकडून शेपटाकडे एक हात फिरवायचा. रेघ पूर्ण पुसली गेली तर गाइड (कानस ठराविक कोनात धरणारं साधन) बरोबर बसलंय. मग २००, ४००, ६०० दाण्याचे डायमंड स्टोन या क्रमाने. बेसकडचा कोन वारंवार घासायचा नाही. तो वाढत गेला की कडा बर्फात उशिरा शिरते, आणि मूळ कोन परत आणायला ग्राइंडिंगशिवाय मार्ग नाही. शेवटी बर (कडेवर उरलेली धातूची बारीक कोर) नखाने तपासून रबरी दगडाने हलकेच काढली.

बेसवर कडांलगत पांढुरकी, कोरडी पट्टी दिसली. ही कडक बर्फावरची घासणी. साठवणीचं वॅक्स खरवडलं, मग मऊ वॅक्स गरम लावून कोमट असतानाच खरवडलं. मळ त्याच्याबरोबर निघतो. त्यानंतर थंड बर्फाचं कडक वॅक्स, पाकिटावरच्या तापमानाला. इस्त्रीतून धूर आला की ती जास्त तापली समजायचं. इस्त्री एका जागी थांबवायची नाही. तिच्या मागे ओल्या वॅक्सची ५ ते १० सेंमी शेपटी राहिली की वेग बरोबर. वरची बाजू कोमट व्हावी, गरम नाही. खोलीच्या तापमानाला किमान अर्धा तास, शक्यतो रात्रभर. धारदार स्क्रेपरने काही निघेनासं होईपर्यंत खरवडायचं, मग पितळी ब्रश १५ फेरे आणि नायलॉनचा १०. वॅक्स बेसच्या आत मुरलेलं हवं. वर राहिलेला थर वेग कमी करतो. फ्लोरो (फ्लोरिनयुक्त) वॅक्सचा मोह नको, फिसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४ च्या हंगामापासून ते स्पर्धांतून हद्दपार केलं आहे.

आदली संध्याकाळ

बूट गरम खोलीत, गाडीत नाही. थंड प्लॅस्टिक दगडासारखं होतं. गॉगलची काच आतून पुसायची नाही. हेल्मेटला मोठा मार बसला असेल तर तडा दिसत नसला तरी बदलायचं.

पहिला दिवस

डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टआधी दहा मिनिटं: चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं, बूट घालून नडग्या जिभेवर टेकवत वीस बैठका. नडगी पुढे दाबली की टाच मागे बसते, मगच वरची बकलं लावायची. दोन उतारांनंतर लायनर दबतो. तेव्हा पुन्हा एक खाच घट्ट.

पहिला उतार सगळ्यात सोपा. दोन्ही बाजूंनी साइडस्लिप (स्की आडव्या ठेवून घसरत उतरणं), मग दोन्ही बाजूंनी हॉकी स्टॉप (स्की झटक्यात आडव्या करून थांबणं). कडा नुकत्या घासल्या असतील तर त्या अचानक पकडतात. ते इथेच कळलेलं बरं. एक बाजू हमखास कच्ची निघते, दुसऱ्या उतारावर तिलाच जास्त वेळ. तिसऱ्यापासून लांब, गोल वळणं, वेग मुद्दाम कमी.

कृत्रिम बर्फाचा पट्टा अरुंद असतो आणि कडेला एकदम संपतो, पलीकडे गवत आणि दगड. थोडेच उतार उघडे असल्याने गर्दीही तिथेच. खालच्याला वाट देण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची. थांबायचं ते वरून दिसेल अशा जागी, कडेला.

हिशेब: तीन सोपे उतार, दहा मिनिटं विश्रांती, चार मध्यम, जेवण, त्यानंतर फार तर दोन. थांबायची खूण घड्याळात नाही, पायांत आहे. शेपटं घसरायला लागली, हात खाली आले, वजन टाचेवर गेलं, किंवा उताराच्या पहिल्या तिसऱ्या भागातच मांड्या जळल्या, की तो उतार शेवटचा. थकलेला स्नायू उशिरा प्रतिसाद देतो आणि गुडघा त्याच फटीत सापडतो. दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला जातं, म्हणून सलग दोन दिवसांनंतर तिसरा दिवस मोकळा ठेवला आहे.

त्याच संध्याकाळी

कडा कोरड्या पुसल्या, लायनर बाहेर काढून हवेशीर जागी ठेवले, हीटरपासून दूर. उजव्या स्कीला बुटाखाली आतल्या कडेवर नवी बर जाणवते. उद्या सकाळी ६०० चा डायमंड स्टोन, चार हात. बेसवरची पांढरी पट्टी परत आलेली नाही, त्यामुळे पुढचं वॅक्स स्की केलेल्या तिसऱ्या दिवसानंतर.