निर्णय चॅटमध्ये हरवू देऊ नका
नाशिकला इंदिरानगरात किंवा गंगापूर रोडला घरी बसून पुण्या-मुंबईच्या टीमसोबत काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतो तो तीन ठिकाणी अर्धवट लिहिलेला एकच निर्णय. त्यासाठी एक सामायिक शीट ठेवा: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोण करणार. चार रकाने पुरेत. चॅटवर भिस्त नको. स्लॅक या ऑफिस-चॅट अ‍ॅपच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसतच नाहीत.

मेसेजच्या पहिल्याच ओळीत ‘फक्त माहितीसाठी’ किंवा ‘उत्तर हवं, गुरुवारी ४ पर्यंत’ असं लिहा. नुसतं ‘हाय’ नकोच.

नोटिफिकेशन बंद करून चॅट दिवसातून तीनदा पाहा. मात्र तातडीचं काम असेल तर थेट फोन, हे आधी ठरवा. नाहीतर धास्तीपोटी सगळे दर पाच मिनिटांनी डोकावतातच.