यादीतलं माझं नाव

२०२४ च्या मे महिन्यात मला अठरा पूर्ण झाली. लोकसभेसाठी महाराष्ट्रातला शेवटचा टप्पा २० मेला झाला आणि माझा वाढदिवस त्यानंतर चार दिवसांनी. चार दिवसांनी संधी हुकली असं वाटून मी फार हळहळले. खरं कारण नंतर कळलं. मतदार यादीसाठी वय मोजायच्या तारखा वर्षात चार असतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. माझी तारीख १ जुलै, म्हणजे त्या मे महिन्यात मला मत देता येणारच नव्हतं. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, हे बारावीत कुणी सांगितलं असतं तर माझी पुढची धावपळ वाचली असती.

मी वसतिगृहात राहते. नाव तिथल्या पत्त्यावर नोंदवायचं की घरच्या? विद्यार्थ्याला दोन्ही मार्ग खुले असतात, पण नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. मी घर निवडलं. तिथला रस्ता कधी झाला, पाणी कधी बंद होतं, दवाखान्यात डॉक्टर किती दिवस असतात हे मला ठाऊक आहे. आमदार निवडताना एवढी तरी माहिती हवी, असं मला मनापासून वाटतं.

नमुना ६, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज, मोबाइलवरून भरला. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, झालं. आपण इंग्रजीत नाव टाकलं की शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप उमटतं. ते मी नीट वाचलं नाही. पडताळणीसाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) ताई घरी आल्या, आजीला चार प्रश्न विचारले आणि जाता जाता म्हणाल्या, "आडनावात ळ आहे ना तुमच्या? इथे ल पडलाय." मी वसतिगृहावरून फोन केला तेव्हा त्यांनी धीर दिला, "आधी नाव यादीत येऊ दे, मग नमुना ८ भर. दुरुस्ती होते." तसंच केलं. नाव आलं, काही आठवड्यांनी ळ सुद्धा आला. एका अक्षरासाठी एवढं कशाला, असं मैत्रिणी म्हणाल्या. मला मात्र ते अक्षर हवंच होतं.

विधानसभेची तारीख ठरली, २० नोव्हेंबर, बुधवार. सगळ्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी. त्याआधीच्या आठवड्यात मी आमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचून काढली. ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. शिक्षण, मालमत्ता, कर्ज, दाखल असलेले गुन्हे, सगळं त्यात असतं. प्रचाराच्या गाड्यांवर यातलं काहीच ऐकू येत नाही. दोन रात्री त्यात गेल्या आणि माझं आधीचं मत त्यानंतर बदललं. पहिल्यांदा मत देणाऱ्या प्रत्येकाने एवढं वाचन करावंच.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला आजी तयार होती. तिचं पहिलं मत १९७१ चं. तेव्हा एकवीस पूर्ण लागायची. अठराची अट १९८९ पासून आली. कागदावर शिक्का मारायचा आणि घडी अशी घालायची की ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये, हे तिने मला रांगेत हाताने करून दाखवलं.

आमच्या पुढच्या मुलाला दारावरून परत पाठवलं. त्याच्याकडे कॉलेजचं ओळखपत्र होतं आणि मोबाइलमध्ये आधार. मोबाइल तेव्हा केंद्राच्या शंभर मीटरच्या आत चालत नव्हता आणि कॉलेजचं ओळखपत्र मान्य कागदपत्रांत नाही. मतदार चिठ्ठीवर यादीतला अनुक्रमांक असतो, पण नुसती चिठ्ठी ओळख म्हणून धरत नाहीत. मतदार कार्ड किंवा आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना असं काहीतरी मूळ कागद हातात असावं. तो धावत घरी गेला आणि तासाभराने परत आला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आतलं काम भराभर होतं. पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने माझा अनुक्रमांक आणि पूर्ण नाव खणखणीत आवाजात वाचलं. समोर बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीत खूण केली. आडनाव बरोबर आलं, ळ सकट! अंगावर काटा आला. वर्गात हजेरीला नाव हजारदा ऐकलंय, पण हे वेगळं होतं. दुसऱ्या टेबलावर वहीत सही आणि डाव्या तर्जनीवर शाई. ती म्हैसूरच्या कारखान्यात बनते, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणून धुऊन जात नाही. तिसऱ्या अधिकाऱ्याने चिठ्ठी घेतली आणि यंत्र सुरू केलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी. माझ्या उमेदवाराचं नाव, फोटो, चिन्ह, निळं बटण. दाबलं, लाल दिवा लागला. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेत चिठ्ठी दिसली : क्रमांक, नाव, चिन्ह. ती ७ सेकंद दिसते. मी तिन्ही गोष्टी दोनदा वाचल्या, मग ती कापली जाऊन खाली पडली आणि लांब बीप वाजला.

बाहेर आजी पायरीवर बसली होती. "चिठ्ठी पाहिलीस ना नीट?" एवढंच तिने विचारलं. कुणाला दिलं ते तिने विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही.

वसतिगृहावर परतले तेव्हा खोलीतली मैत्रीण माझं बोट बघत बसली. तिला अठरा पूर्ण झाली होती, अर्ज मात्र राहिला होता. त्याच रात्री आम्ही तिचा नमुना ६ भरायला घेतला, आणि पाठवण्याआधी मराठी नावाची ओळ मी तिला मोठ्याने वाचायला लावली.