आमची वाटचाल : पुसलेले दाणे आणि हरवलेले रीळ

फारसे कोणी न पाहिलेले, पण ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातून कधीच न उतरलेले चित्रपट ब्लू-रे डिस्कवर आणायचे, एवढ्याच इराद्याने आम्ही दोघांनी हा व्यवसाय सुरू केला. पहिल्या चित्रपटाची निगेटिव्ह हाती लागली नाही; मिळाली ती चित्रपटगृहांत फिरून झिजलेली ३५ मिलिमीटरची प्रत. डब्याचे झाकण काढताच व्हिनेगरचा वास नाकात शिरला, कारण ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. फिल्म आकसल्यामुळे कडेची छिद्रेही यंत्राच्या दात्यांवर नीट बसेनात.

कसेबसे स्कॅनिंग उरकले आणि मग आम्ही अतिउत्साहात घोडचूक केली. ओरखड्यांबरोबर फिल्मचे दाणेही, म्हणजे चित्रात दिसणारे बारीक ठिपके, संगणकाने पुसून टाकले. चित्र अगदी स्वच्छ दिसू लागले. इतके स्वच्छ, की नायिकेचा चेहरा मेणाचा वाटावा. जुनी व्हीएचएस कॅसेट जपून ठेवलेल्या एका ग्राहकाने लिहिले, ‘तळघराच्या दृश्यात भिंतीचा गिलावा दिसायचा, तो कुठे गेला?’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. फिल्मवरचे चित्र मुळात दाण्यांचेच बनलेले असते, हे आम्हाला ग्राहकाकडून शिकावे लागले. सर्वांना डिस्क बदलून देताना त्या वर्षीची कमाई त्यातच गेली.

आमच्या डिस्क घेणाऱ्या संग्राहकांना चित्रपट उत्तम हवा असतो असे नाही. चौकटीत डोकावणारा माइक त्यांना खटकत नाही, उलट त्याची ते वाट पाहतात. त्यांना ओढ असते ती तुटपुंज्या पैशात कोणीतरी हट्टाने केलेल्या खटाटोपाची आणि कापल्या गेलेल्या मिनिटांची. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात व्हिडिओवरील आक्षेपार्ह चित्रपटांच्या सरकारी यादीत वेळोवेळी मिळून ७२ नावे आली; पुढे संग्राहकांनी तीच खरेदीची यादी म्हणून वापरली!

सध्या हातात असलेल्या चित्रपटाचे चौथे रीळ गहाळ आहे. तेवढा भाग कॅसेटवरून जोडला असून तिथे रंग फिके पडतात, चित्र थरथरते. तो सांधा आम्ही लपवलेला नाही. डिस्कच्या वेष्टनावर त्याची मिनिटे छापली आहेत. रिळाचा शोध चालू आहे.